आज कोणती जोडी

उंबरदरीत दिवस उजाडला की पहिली चौकशी पावसापाण्याची नसायची, सुंदररावांच्या बैलांची असायची. भिंतीपलीकडून बायनाबाई चुलीत फुंकता फुंकता हाक द्यायची, "छबू, आज कोणती जोडी गं?" अलीकडून छबुबाईनं "मोत्या-रतन" म्हटलं, की बायनाबाई खुशाल एक भाकरी जास्तीची थापायची. आणि "गुलब्या-हरण्या" असं कानावर आलं, की भाकरी तव्यावर तशीच टाकून आधी दाराला कडी घालायची आणि नवऱ्याला बजावायची, आज दुपारपर्यंत बाहेर तोंड काढायचं नाही.

यातली मजा अशी, की हे चारही बैल केव्हाच मातीत गेले होते. दावणीला बांधलेले होते काळू आणि मंगळ्या, आणि त्या दोघांना सुंदरराव ओळखतच नव्हते. ही कुणाची जनावरं आपल्या गोठ्यात, म्हणून रोज सकाळी एकदा चौकशी व्हायची. छबुबाई सांगायची, पाहुण्यांची हायत, कडबा खाऊन जातील. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची जनावरं तिथंच.

उंबरदरी म्हणजे लिंबागणेशापासून दोन-अडीच कोसांवर, बालाघाटाच्या चढणीला लागलेलं गाव. अंमल निजामाचा, पण निजाम हैदराबादेला, कचेरी बीडला, आणि उंबरदरीला विचारतो कोण. त्यामुळं गावाचे मानपान गावच सांभाळायचं आणि त्यावरून डोकीही गावच फोडायचं. होळीचा मान बबनराव पाटलाचा, आणि पोळ्याला वेशीखालून पहिली जोडी काढायचा मान सुंदररावांच्या घराचा. सुंदरराव सत्तरीचे, उंचेपुरे, फेटा अजून स्वतःच्या हातानं बांधणारे. छबुबाई त्यांची सून, धारूरकडची, बोलायला फटकळ आणि कामाला खमकी. तिचा नवरा मोहनराव, म्हाताऱ्याचा एकुलता एक पोरगा, सहा वर्षांपूर्वी मानमोडीच्या तापाच्या साथीत तीन दिवसांत गेला. मूलबाळ नाही. सासू भिवराबाई त्याच्याही आधी गेलेली. शेत अर्धलीनं, निम्म्या वाट्यावर, दुसऱ्याला लावलेलं. तेव्हा घरात माणसं दोन, बैल दोन, आणि बैलांचं डोकं जरा जास्त ठिकाणावर.

सुरुवात जेवणापासून झाली. सुंदरराव जेवून उठायचे, चूळ भरायचे आणि विचारायचे, भाकरी झाली का गं. पहिल्या दोनदा छबुबाईला वाटलं, थट्टा करतात. तिसऱ्यांदा तिनं सांगितलं की तुम्ही आत्ताच जेवलात, तर म्हातारा उठून सरळ मारुतीच्या पारावर गेला आणि चार माणसांत म्हणाला, सून उपाशी मारती. झालं. बबनराव पाटील काठी आपटत घरी आले आणि छबुबाईला धर्म-अधर्म सांगायला लागले. ती मुकाट ऐकून घेत होती, कारण पाटलाच्या मागंच सुंदरराव येऊन उभे होते आणि त्यांच्या मिशीला कारळाची चटणी चिकटलेली होती. पाटलानं मागं वळून मिशी पाहिली, आपली काठी पाहिली आणि पाणी मागितलं. मग सुंदररावांनी मोठ्या अगत्यानं पाटलाला जेवायला बसवून घेतलं आणि त्याच्याबरोबर स्वतःही पुन्हा जेवले.

गावाला कळत काही नसतं, सांगायची घाई मात्र फार. एक म्हणाला, भानामती हाय. दुसरा म्हणाला, म्हातारा सोंग करतोय. तिसऱ्यानं उतारा सांगितला, त्यात एक कोंबडी होती, ती सांगणाऱ्यानंच खाल्ली. शेवटी छबुबाईनं गाडी जुंपली आणि म्हाताऱ्याला बीडला एका हकिमाकडं नेलं.

हकीम भला माणूस. दाढीवरून हात फिरवत त्यानं विचारलं, बडे मियाँ, महिना कौनसा है? सुंदररावांनी त्याच्याकडं दयेनं पाहिलं आणि म्हणाले, हकीमसाहेब, दिवसभरात इतकी माणसं येतात तुमच्याकडं, आन् महिना सांगाया एक बी न्हाई? हकीम हसला. मुलं किती, म्हणाला. देवानं दिली तेवढी. सकाळी काय खाल्लं? तुमच्या हातचं काय खायला मिळंल ते सांगा, सकाळचं कावून काढता. असे धा-बारा सवाल झाले आणि एकाचंही उत्तर न देता म्हाताऱ्यानं सगळे जिंकले. हकीम म्हणाला, याचा दिमाग माझ्यापेक्षा तेज आहे. मग त्याची नजर छबुबाईवर गेली. जागरणानं डोळे खोल गेलेले, चेहरा ओढलेला. त्यानं तिची नाडी पाहिली आणि सांगितलं की दिमागात कोरडेपणा चढलाय तो या बाईच्या. तिला खमिऱ्याची, गोड औषधी पाकाची, बरणी दिली, वर चांदीचा वर्ख लावलेली, रोज सकाळी बोटभर चाटायला.

परतीच्या वाटेवर म्हातारा दर कोसाला विचारायचा, बरणीत काय हाय. मुरंबा, म्हणायची ती. मग बोटभर द्यायची. गाव येईस्तोवर अर्धी बरणी संपली.

छबुबाई चिडली होती, पण तिचं डोकं चालू होतं. तिला उमगलं, की मामंजींना काहीतरी हरवल्याचं ठाऊक आहे, आणि फाटलेल्या जागेवर पदर ओढून घ्यावा तसे ते त्यावर बोलणं ओढून घेतात. बोलायची हुशारी जागेवर होती, आतला माल गेला होता. आणि दुसरं असं, की येताना सबंध वाट म्हातारा काळू-मंगळ्याला हाकत होता, "चल मोत्या, चल रतन." घरी आल्याआल्या तिनं भिंतीवरून बायनाबाईला विचारलं, काकी, मोत्या-रतन कोण?

ही भिंत म्हणजेही एक प्रकरण होतं. बायनाबाईचा नवरा राधाकिशन हा सुंदररावांचा धाकटा चुलतभाऊ. पूर्वी अंगण एक होतं. बावीस वर्षांपूर्वी पोळ्याला राधाकिशननं आपली जोडी पुढं घुसवली, वेशीत बैलाला बैल भिडला आणि सुंदररावांच्या गुलब्याचं शिंग मोडलं. त्या रात्री अंगणात भिंत उभी राहिली आणि दोन्ही भावांचं बोलणं बंद झालं. बायकांचं बंद व्हायला हवं होतं, पण भिंत बांधणाऱ्यांनी ती छातीएवढीच बांधली होती. त्यामुळं मीठ, विस्तव आणि गावभरच्या बातम्या बावीस वर्षं वरून ये-जा करत होत्या.

बायनाबाईला बैलांचं सगळं पाठ. पवळ्या-ढवळ्या होते तेव्हा सुंदरराव दहा वर्षांचे. मोत्या-रतन आले तेव्हा त्यांचं नुकतं लग्न झालेलं, मोहन अजून जन्मायचा होता. गुलब्या-हरण्या म्हणजे मोहनचं पोरपण आणि शिंगाचं भांडण. सर्जा-बाशा म्हणजे मोहनचं लग्न. "तुझ्या वरातीच्या गाडीला सर्जा-बाशाच हुते की," बायनाबाई म्हणाली.

तेव्हापासून छबुबाई रोज उठल्याउठल्या म्हाताऱ्याला विचारायला लागली, मामंजी, आज कोणती जोडी जुंपायची? ते जे नाव घेतील, त्या वर्षात ते आज राहतात असं समजायचं. ते खरं ठरायला लागलं. पवळ्या-ढवळ्या म्हणाले की त्या दिवशी ते आईला शोधायचे आणि चुलीपाशी बसून गूळ मागायचे. मोत्या-रतन म्हणाले की सरळ भिंतीला वळसा घालून राधाकिशनच्या घरात शिरायचे आणि "किसन्या, ऊठ की लेका" म्हणून त्याच्या ताटावर बसायचे. आणि गुलब्या-हरण्याच्या दिवशी हातात काठी घेऊन त्याच दारापुढं उभे राहायचे. पहिल्या महिन्यात राधाकिशनची पाचावर धारण बसली. काल ज्यानं मांडीला मांडी लावून भाकरी खाल्ली, तो आज डोकं फोडायला उभा. म्हणून मग भिंतीवरून रोजची चौकशी सुरू झाली.

छबुबाई ना शिकलेली ना हकीम, पण तिनं हे दुखणं हकिमापेक्षा बरं वाचलं. गोधडीला वरचं नवं ठिगळ आधी उसवतं आणि तळचं जुनं लुगडं शेवटपर्यंत तग धरतं, तसं मामंजींच्या डोक्यात कालचं आज टिकत नव्हतं आणि चाळीस वर्षांपूर्वीचं जागेवर होतं. हातांचं शिक्षण आणखी खोल. स्वतःच्या घराचं दार सापडायचं नाही, पण अंबाडीचा वाख दिला तर न बघता कासरा वळून द्यायचे, एकसारख्या पिळाचा. उन्हं कलली की मात्र सगळंच विस्कटायचं. सकाळी जे वर्ष धरलेलं असेल ते संध्याकाळी सुटायचं आणि ते दारात उभे राहून घरी जायचं म्हणायचे. अशा वेळी त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ती त्यांना मारुतीपर्यंत चालवत न्यायची आणि फिरवून आणायची. घर आलं म्हणायचे, खूश व्हायचे.

एक गोष्ट मात्र तिला फार महागात शिकायला मिळाली. सर्जा-बाशाच्या एका सकाळी त्यांनी विचारलं, मोहन कुठाय? तिनं खरं सांगितलं. म्हातारा आजच ऐकतोय असा कोसळला, कपाळ जमिनीवर आपटून रडला. घटकाभरानं तो का रडतोय हे विसरला, पण रडू थांबेना. दिवसभर डोळे पुसत होता आणि तिलाच विचारत होता, मला कावून असं होतंय गं. दुसऱ्या सकाळी पुन्हा विचारलं, मोहन कुठाय. छबुबाईच्या ध्यानात आलं की घडलेलं जातं, पण त्यानं जे वाटलं ते लवकर जात नाही. मग तिनं ठरवूनच टाकलं. "बीडला गेलेत, कचेरीत काम हाय," ती म्हणाली. म्हातारा म्हणाला, त्येच्यासाठी भाकरी झाकून ठेव. ती ठेवायची. आणि हे कुणाला सांगितलं नसेल, पण भाकरी झाकताना तिलाही घटकाभर वाटायचं, की येतील.

राधाकिशन तसा वाईट माणूस नव्हता, पण आयतं हाताशी आलेलं सोडणाराही नव्हता. आषाढात त्यानं पारावर गोष्ट काढली. म्हणाला, दादाचं डोकं गेलंय, घरात कर्ता पुरुष न्हाई, एकट्या बाईनं कुठवर वढावं. दोघांनाबी माझ्या घरी आणतो, शेत माझ्या नांगराखाली येऊ द्या, त्या घराला कुलूप घालू. ऐकायला किती गोड. छबुबाईला त्याचा अर्थ नीट कळत होता. दुसऱ्याच्या चुलीपुढची विधवा, सांगतील ते दळायचं आणि देतील ते खायचं, जन्मभर. बायनाबाई मायाळू होती, पण तिला तीन सुना होत्या आणि त्यांच्यात ती माया नव्हती. आणि म्हाताऱ्याचं काय? गुलब्याच्या दिवशी तो ज्या दारावर काठी घेऊन जायचा त्याच दाराच्या आत त्याला कोंडणार?

ती पदर खोचून पारावर गेली आणि म्हणाली, माझ्या सासऱ्याचं डोकं ठिकाणावर हाय. बबनराव पाटलाला मिशीची चटणी आठवत असावी, पण त्यानं तिला खोटं पाडलं नाही. त्यानं तोड काढली. पोळ्याला वेशीत पहिल्या जोडीवाल्याला तीन सवाल विचारायची रीत होती: जोडी कोणाच्या घरची, बैलांची नावं काय, तुमच्यानंतर कासरा कोण धरणार. मोहनराव गेल्यापासून पाटील तिसरा सवाल गिळून टाकायचा, म्हाताऱ्याला कशाला दुखवा म्हणून. यंदा तिन्ही विचारू, पाटील म्हणाला. सुंदररावांनी तिन्हींची नीट उत्तरं दिली तर घर त्यांचं, राधाकिशननं पुन्हा ब्र काढायचा नाही. गडबडले, मेलेल्याचं नाव घेतलं, तर कुलूप.

आता आली पंचाईत. छबुबाईनं तिसऱ्या सवालाचं उत्तर म्हाताऱ्याला पढवून पाहिलं. "देवाच्या मनात असंल त्यो," असं म्हणायचं. म्हातारा हुशार, लगेच म्हणून दाखवायचा. भाकरी उलटेस्तोवर टिकायचं, भाजेस्तोवर जायचं. मग तिनं उलटा विचार केला. उत्तर शिकवता येत नाही, पण वर्ष निवडता येईल. सर्जा-बाशा नकोत, मोहन येतो. गुलब्या-हरण्या नकोत, मोहनही येतो आणि काठीही येते. पवळ्या-ढवळ्यात म्हातारा दहा वर्षांचा, तो वेशीत गूळ मागेल. राहिले मोत्या-रतन. तेव्हा सुंदरराव जवान, राधाकिशनशी गूळपीठ, आणि मोहन जन्मायचा आहे. कासरा कोण धरणार म्हटलं तर म्हणतील, अजून कुणी न्हाई. याहून शहाणं उत्तर कोणतं?

तिनं कामाला सुरुवात केली. काळूचं नाव मोत्या ठेवलं, मंगळ्याचं रतन, आणि गावभर सांगून टाकलं. गाव हसलं. बैलांनी लक्ष दिलं नाही. नव्या नावानं हाक मारली की दोघंही दुसऱ्याच कुणाला बोलावलं असं समजून रवंथ करत राहायचे.

पण तिचा खरा भरवसा घुंगरमाळांवर होता. माळ्यावरच्या पोत्यात जुन्या जोड्यांच्या माळा होत्या आणि प्रत्येकीचा आवाज वेगळा. एकदा लाकडं काढताना एक माळ खाली पडली, तर अंथरुणातून सुंदरराव म्हणाले, हरण्या सुटला बघ. त्या दिवशी गुलब्या-हरण्याचं वर्ष. छबुबाईनं दोन-चारदा ताडून पाहिलं होतं, झोप मोडताना जी माळ वाजेल ते वर्ष, दहात आठ वेळा तरी. मोत्या-रतनची माळ कोणती हे बायनाबाईनं भिंतीवरून कान देऊन सांगितलं, लाल दोरीची, पितळी, भरीव आवाजाची. देवाशपथ हीच, म्हणाली. छबुबाईनं ती पोळ्यासाठी राखून ठेवली. म्हाताऱ्याच्या कानाशी आधीच वाजवून तिची धार घालवायची नव्हती.

आदल्या सांजेला हळद-तुपानं बैलांचे खांदे चोळून खांदेमळणी झाली. पोळ्याच्या सकाळी छबुबाईनं उजाडायच्या आत बैल धुतले, ती माळ गळ्यात घातली आणि बैल अंथरुणाजवळच्या खिडकीशी आणून हलवले. छान वाजली. सुंदरराव उठून बसले, तोंडभर हसले आणि म्हणाले, "सूनबाई, मोहनला उठीव. सर्जाच्या शिंगाला हिंगूळ त्योच लावतो."

छबुबाईच्या हातातली चाऱ्याची पाटी तिथंच पडली. बायनाबाई चुकली नव्हती, माळ मोत्या-रतनचीच होती. पण मोहनच्या लग्नात वरातीच्या गाडीला शोभेल म्हणून तीच माळ सर्जा-बाशाच्या गळ्यात घातली होती. त्या गाडीत छबुबाई स्वतः बसलेली होती. पण शालीखाली गुदमरलेल्या नवरीचं घुंगरांकडं लक्ष कुठलं असायला.

भिंतीपलीकडून बायनाबाईनं विचारलं, कोणती जोडी. उत्तर ऐकून ती चूल सोडून भिंतीशी आली. मग हलक्या आवाजात म्हणाली, सांगून टाक त्यांना, मोहन गेला म्हणून. आत्ताच सांग. सांजपत्तुर रडून मोकळे होतील आणि वेशीत मेलेल्याचं नाव तरी घेणार नाहीत.

बरोबर होतं तिचं. छबुबाई तोंड धुऊन मनाशी वाक्य जुळवत आत गेली. म्हातारा उकिडवा बसून दोन वाट्यांत हिंगूळ कालवत होता, एक स्वतःसाठी आणि एक पोरासाठी. तिनं तोंड उघडलं आणि तिला स्वतःचाच राग आला. एका घरासाठी वर्षाच्या सणाला या माणसाला पुन्हा पोरगा मारून दाखवू?

"बीडला गेलेत," ती म्हणाली. "येतील."

बाहेर येऊन ती बैलांपुढं उभी राहिली आणि त्यांना सुनावलं, की जातंय घर तर जाऊ द्या, तुम्ही कडबा खा. बैल तेच करत होते.

दिवसभर म्हातारा खुशीत होता. शिंगं रंगली, बाशिंगं बांधली, झुली चढल्या. दर घटकेला विचारायचा, आला का मोहन. उन्हं कलली तसं विचारणं कमी झालं आणि चेहरा भांबावायला लागला. वेशीत डफ-हलगी सुरू झाली तेव्हा सुंदरराव कासरा धरून पुढं, मागं राधाकिशन आपली जोडी घेऊन, आणि बाजूला बायांच्या घोळक्यात तांब्या-ताट घेऊन छबुबाई. 

पाटलानं हात वर केला, हलगी थांबली. जोडी कोणाच्या घरची? सुंदररावांनी जरा दम खाल्ला आणि म्हणाले, पोळ्याला पहिली जोडी कोणाच्या घरची असती, पाटील, इसरलात व्हय? लोक हसले. हकिमाला चीत करणारा तो हाच म्हातारा. बैलांची नावं? सर्जा आन् बाशा. राधाकिशन लगेच पुढं आला. दोन महिने गावभर मोत्या-रतन म्हणून डांगोरा पिटलाय, त्याआधी काळू-मंगळ्या होते, आता हे सर्जा-बाशा कुठले? पाटील डोकं खाजवायला लागला. सुंदरराव शांतपणे म्हणाले, जनावर ज्याचं, नावबी त्यानंच ठिवायचं. यावर कुणाला काही बोलता येईना, कारण खोटं काय होतं त्यात?

मग तिसरा सवाल आला. पाटलालाही तो विचारताना जड गेलं. "सुंदरराव, तुमच्यानंतर कासरा कोण धरणार?"

छबुबाईनं डोळे मिटले. मोहन हे नाव आता येणार आणि त्याबरोबर घराला कुलूप पडणार. पण नाव आलं नाही. तिनं डोळे उघडले तर म्हातारा गर्दीतले चेहरे एकेक करून बघत होता, एकही ओळखीचा नसल्यासारखा. ओठ हलत होते.

"मला न्हाई आठवत," ते म्हणाले.

राधाकिशननं कासऱ्याला हात घातला. सुंदररावांनी सोडला नाही. दुसरा हात उचलून त्यांनी बायांच्या घोळक्याकडं बोट केलं.

"ती बाई हाय बघा, तांब्या घिऊन हुबी. नाव ठाऊक न्हाई मला. कोनाची कोन ते बी ठाऊक न्हाई. पर सकाळी डोळे उघडले की मला लई भ्या वाटतंय, पाटील, कुठं हाय मी, काय हाय. मंग ती येती आन् इचारती, आज कोणती जोडी. मंग भ्या जातंय. तिच्या हाती द्या कासरा."

राधाकिशन म्हणाला, बघा, स्वतःच्या सुनेला वळखत न्हाई. तो आणखी बोलणार होता, पण बायांतून बायनाबाईचा आवाज आला, की तुम्ही गुमान मागं व्हा, नाहीतर आज घरी पुरणाची पोळी मिळायची नाही. गावात वाघाला न भिणारी माणसं होती, बायनाबाईला न भिणारं कुणी नव्हतं. राधाकिशन मागं झाला. पाटील घसा साफ करून म्हणाला, सवाल कासरा कोण धरणार असा होता, त्याचं उत्तर मिळालं, घर त्यांचं. दोन-चार म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, की बाईनं मानाचा बैल वेशीतून काढल्याचं कधी ऐकलं नाही. पाटील म्हणाला, आता बघा. मग एका बैलाचा कासरा सुंदररावांच्या हातात, दुसऱ्याचा छबुबाईच्या, आणि ज्यांचं खरं नाव आता कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं ते दोन बैल तोरणाखालून गेले.

घरी येऊन तिनं बैल ओवाळले, नैवेद्य दाखवला, म्हाताऱ्याला पाटावर बसवलं. पुरणपोळी वाढली, वर तूप सोडलं. सकाळी या माणसाला ती सूनबाई होती. आता तो परक्या घरी जेवायला आल्यासारखा संकोचून बसला होता. तिला बाजूला उभी पाहून म्हणाला, तुमी बी बसा की. ती बसली. दोन घास झाले.

"बाई, तुमचं घर कोणतं म्हनायचं?"

"हेच."

"आन् मालक?"

बीडला गेलेत, हे तिच्या जिभेवर आलं होतं. इतके दिवस तेच येत होतं. मग तिच्या ध्यानात आलं की ज्याला हे ऐकण्यापासून राखायचं तो बाप आता विचारत नाही, विचारतोय तो एक पाहुणा म्हातारा.

"गेले," ती म्हणाली. "मानमोडीत. तिसऱ्या दिवशी."

सहा वर्षांत पहिल्यांदा ती या माणसापुढं मोठ्यानं रडली. सुंदररावांचा घास हातातच राहिला.  मग म्हणाले, "लई वाईट झालं बाई. तरणा असंल."

"तरणे हुते."

"त्येच्या बापाचं काय झालं असंल," म्हातारा म्हणाला आणि मान हलवत राहिला. मग त्यांनी आपल्या ताटातली पोळी अर्धी मोडून तिच्या ताटात ठेवली, वाटीतलं तूप तिच्याकडं सरकवलं, आणि ती खाईपर्यंत स्वतः जेवले नाहीत.